ताणाची बाजू

१

आंबेझिरीची पाण्याची टाकी पडली ती ११ मे १९८९ ला, दुपारी चारच्या सुमारास. त्यानंतर दोन दिवस तिच्या डिझाइनची फाइल कुणालाच सापडली नाही. तिसऱ्या दिवशी ती धुळ्यात, टाकीचं डिझाइन करणाऱ्या देवऱ्यांच्या ऑफिसमध्ये, कपाटावरच्या जुन्या कागदांखाली मिळाली.

ती मिळालीच नसती तर बरं झालं असतं, असं प्रमिलाबाई नेरकरांना त्या आठवड्यात कितीदा तरी वाटलं.

आंबेझिरी हे शिरपूरच्या उत्तरेचं, सातपुड्याच्या पायथ्याचं लहानसं गाव. चार खांबांवरची बारा मीटर उंच टाकी त्या दिवशी पहिल्यांदाच काठोकाठ भरली होती. चारला वावटळ उठली. खांब मधोमध वाकले आणि टाकी पूर्वेला कोसळली. खाली व्हॉल्व्ह बंद करायला गेलेला उखा नावाचा तरुण जागीच गेला.

कलेक्टरांनी चौकशीसाठी तोताराम महाजन यांना बोलावलं. जळगावच्या तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं इमारतींचं गणित शिकवून निवृत्त झालेला, फैजपूरला राहणारा हा माणूस कुठल्याच ठेकेदाराच्या ओळखीचा नव्हता. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी अहवाल द्यायचा होता. अहवालात ज्याचं नाव येईल त्याला पोलीस उचलणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी ते देवऱ्यांच्या ऑफिसात पोचले. ऑफिस तीन इंजिनियरांचं. मालक झुलाल देवरे, डिझाइन करणारे पितांबर नेरकर आणि साइट बघणारा भिकन बोरसे. भिकन महाजन सरांचा जुना विद्यार्थी. शिकताना एक वर्ष तो त्यांच्याच घरी राहिला होता, सरांच्या पत्नीला अक्का म्हणायचा. त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "अक्का बऱ्या आहेत ना, सर?"

"बऱ्या आहेत," सर म्हणाले, आणि फाइल उघडली.

"सतरावं पान बघा," देवरे म्हणाले. "बाकीचं सगळं ठीक आहे."

सतराव्या पानावर टाकीची चौकट बाजूने काढलेली होती. दोन उभे खांब आणि त्यांना बांधणाऱ्या आडव्या तुळयांची दोन कडी, एक खाली, एक वर. डावीकडून वाऱ्याचा बाण. शेजारी खांब किती वाकतील त्याची, म्हणजे मोमेंटची, आकृती. सरांनी आकडे तपासले आणि थांबले. दोन कड्यांमधलं अंतर सहा मीटर होतं. गणितात तीन धरलं होतं. खांबाला वाकवणारं बळ त्यामुळे निम्मंच निघालं होतं, आणि त्या निम्म्या बळापुरत्याच सळ्या दिल्या होत्या.

कोपऱ्यात तारीख, १९ जानेवारी. खाली 'पि. ने.'

समोर नेरकर उभे होते. पंचेचाळिशीचा, किडकिडीत माणूस. चार दिवसांची दाढी वाढलेली.

"हे पान तुम्ही केलंत?"

नेरकरांनी ते बराच वेळ बघितलं. "अक्षर माझंच दिसतंय," ते म्हणाले. "पण केल्याचं मला आठवत नाही."

२

बुधवारी सर शिरपूरहून जीपने आंबेझिरीला गेले. नकाशा त्यांच्याजवळ नव्हता. मूळ ट्रेसिंग ऑफिसातून गहाळ होतं. ठेकेदार सुपडू याच्याकडची प्रत साइटवरच्या खोपटात भिजून गेली, असं त्याने पोलिसांना लिहून दिलं होतं. आणि लिहून देऊन तो सुरतेला निघून गेला होता.

खांब आडवे पडले होते. सर एकेका खांबाजवळ बसून तडे बघत होते. काँक्रीट वाईट नव्हतं. सळ्याही पान सतरावर होत्या तेवढ्या होत्या. खांब मोडला होता तो मधोमध, जिथे त्याला धरायला काहीच नव्हतं.

थोड्या अंतरावर एक म्हातारी उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. जीपच्या ड्रायव्हरने हळूच सांगितलं, "नानीबाई. उखाची आई."

सर उठून तिच्याजवळ गेले. तीच आधी बोलली.

"काय दखी राह्यनात, साहेब?"

"ही का पडली ते."

ती पडलेल्या खांबाकडे गेली आणि मधल्या जागेवर तिने हात ठेवला. "आठे लोखंडना दांडा बाहेर निंघेल व्हतात. खांबले काटा फुटेल व्हतात जशा. मना उखा म्हने, आठे आखो काहीतरी बांधतीन. मंग एक दिन बठ्ठा कापी टाकात."

इथे सळ्या बाहेर सोडल्या होत्या आणि कुणीतरी त्या सगळ्या कापल्या, एवढं सरांना कळलं. त्यांनी ड्रायव्हरकडून हातोडी घेतली. तिने दाखवलेल्या जागी गिलावा बाकीच्यापेक्षा थोडा जाड होता. चार ठोक्यांत तो निघाला. आत, काँक्रीटच्या पातळीला घासून कापलेली चार गोल टोकं होती. दुसऱ्या खांबावर त्याच उंचीला तशीच चार.

म्हणजे मधे तिसरं कडं घालायचं होतं. त्यासाठी सळ्या सोडलेल्या होत्या. ते कडं असतं तर कड्यांमधलं अंतर तीनच मीटर राहिलं असतं, आणि पान सतरावरचा आकडा बरोबर ठरला असता.

जीपमध्ये बसताना सरांना वाटलं, नेरकर सुटले.

३

गुरुवारी सकाळी त्यांनी भिकनला बोलावलं आणि कापलेल्या सळ्यांबद्दल विचारलं. तो गडबडला नाही. त्याने फक्त खाली बघितलं.

"सळ्या होत्या, सर. आधी तीनच कडी होती. जानेवारीत नेरकर साहेबांनी मधलं रद्द केलं, म्हणून मी सुपडूला सळ्या कापायला सांगितल्या. पान सतरा तेच तर आहे."

"लेखी काही?"

"साहेबांना टायफॉइड झाला होता. घरी पडूनच काम करत होते, फाइल मीच नेत-आणत होतो. ते तोंडी बोलले." तो थोडा थांबला. "सर, त्यांच्याविरुद्ध बोलायचं माझ्या मनात नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून."

सगळं जुळत होतं. तापातल्या माणसाने कडं काढून टाकलं आणि अंतर बदलायला विसरला. कापलेली टोकं नेरकरांना सोडवत नव्हती, उलट जास्तच अडकवत होती.

दुपारी सर नेरकरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी दार उघडलं. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि त्याला कडी नव्हती. चार भोकं दिसत होती, स्क्रू नुकतेच काढलेले.

"मीच काढून ठेवली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कालपासून ते म्हणतात, उखाला मीच मारलं. मी त्यांना एकटं सोडत नाही."

नेरकर पलंगावर कागदांत बसले होते. "सर, मी आठवून बघतोय. तापात मी ऑफिसचे कागद केले, हे खरं आहे. मग हेही केलं असेन. अक्षर माझंच आहे."

"आठवू नका," सर म्हणाले. "ही चौकट पुन्हा करा. दोन कडी, डावीकडून वारा. मी बसतो."

नेरकरांनी पेन्सिल घेतली. वीस मिनिटांत त्यांनी कागद पुढे केला. अंतर त्यांनी सहा मीटर धरलं होतं. सरांची नजर मात्र आकड्यावर नव्हती. ते आकृतीकडे बघत होते.

त्यांनी पिशवीतून फाइल काढली. सतरावं पान नव्या कागदाशेजारी ठेवलं. मग फाइलमधली आधीची पानं चाळली. बारावं, तेरावं, पंधरावं.

"नेरकर, तुम्ही शिकलात कुठे?"

"इंदूरला."

प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. सरांचा चेहरा बघून त्या तशाच उभ्या राहिल्या. "काय झालं?"

सरांनी अंगणातल्या लिंबाची हिरवी काडी मागवली आणि त्यांच्यासमोर वाकवली. "बघा. वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. खांबाचंही तसंच. किती वाकतोय त्याची आकृती ताणाच्या बाजूला काढली तरी चालते, दाबाच्या बाजूला काढली तरी चालते. उत्तर एकच. ज्याला जसं शिकवलं तसा त्याचा हात वळतो, आणि मग जन्मभर तसाच वळतो."

"म्हणजे पदरासारखं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "सुरतेकडच्या बायका उजव्या खांद्यावर घेतात, आम्ही डाव्या. चुकून कधी दुसरीकडे जात नाही."

"तसंच. तुमचे यजमान दाबाच्या बाजूला काढतात. आजही काढली. फाइलीतल्या सोळा पानांवर तशीच आहे." त्यांनी सतराव्या पानावर बोट ठेवलं. "इथे ती ताणाच्या बाजूला आहे."

नेरकर उठून उभे राहिले. पान त्यांनी डोळ्यांजवळ धरलं.

"हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं," सर म्हणाले. "दिसलं नाही, कारण मी स्वतः काढली असती तर अशीच काढली असती."

४

जुनं पान बघून अक्षर गिरवता येतं, सहीही गिरवता येते. पण नेरकरांनी त्या दुपारपर्यंत दोन कड्यांची चौकट कधी केलीच नव्हती, तेव्हा तिची आकृती गिरवायला नमुना नव्हता. ती ज्याने काढली त्याला स्वतःच्या हाताने काढावी लागली. आणि चौकटीचं गणित येणारी माणसं त्या ऑफिसात तीनच होती.

शुक्रवारी सरांनी देवऱ्यांच्या केबिनमध्ये देवऱ्यांनाच पहिलं बसवलं. टाकीच्या उद्‌घाटनाची तारीख देवऱ्यांनी कबूल केली होती. काम उरकायची घाई सुपडूइतकीच त्यांनाही होती.

"एक साधी चौकट काढा. डावीकडून ढकला. मोमेंट दाखवा."

"या वयात परीक्षा?" देवरे हसले, पण सर हसले नाहीत तशी त्यांनी पेन्सिल उचलली. त्यांनी आकृती दाबाच्या बाजूला काढली.

"आकृती याच बाजूला काढता नेहमी?"

"पुण्यात असंच शिकवलं. का?"

सरांनी कागद फाइलमध्ये ठेवला. देवरे बाहेर गेले. बाहेर त्यांचा चिडलेला आवाज ऐकू आला. "भिकन, जा बाबा आत. तुझे सर चौकटी काढायला लावताहेत. आकृती कुठल्या बाजूला काढता म्हणून विचारतात."

सरांनी डोळे मिटले. हे व्हायला नको होतं.

भिकन आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला. चौकट त्याने भराभर काढली. खांब, तुळई, बाण. मग पेन्सिल कागदाच्या वर थांबली. फार वेळ नाही, एखाद्या श्वासापुरती. आणि त्याने आकृती काढली. दाबाच्या बाजूला, नीट, रेषा न हलता.

"ठीक आहे," सर म्हणाले. "जा."

लॉजवर येऊन त्यांनी तिन्ही कागद कॉटवर मांडले. नेरकर दाबाच्या बाजूला. देवरे दाबाच्या बाजूला. भिकन दाबाच्या बाजूला. आधी त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की आपण दोन दिवस कशाला घाबरत होतो ते त्यांना तेव्हा कळलं.

मग त्यांचं लक्ष फाइलमधल्या सतराव्या पानाकडे गेलं. तिघांपैकी कुणाचाच हात तसा वळत नसेल, तर हे पान काढलं कुणी?

५

शनिवारी दहाला ऑफिस उघडलं तेव्हा सर पायरीवरच उभे होते.

"भिकनने स्वतः केलेलं एखादं डिझाइन आहे?" त्यांनी देवऱ्यांना विचारलं.

"मार्चमध्ये एक पंपहाउस दिलं होतं त्याला. पूर्ण त्याचंच."

पंपहाउसची फाइल पातळ होती. चौथ्या पानावर चौकट होती, सहाव्या पानावर दुसरी. सरांनी दोन्ही बघितल्या आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, जणू दुसऱ्यांदा बघून काही बदलणार होतं. प्रत्येक आकृती ताणाच्या बाजूला होती.

वर्गात पहिल्याच दिवशी ते सांगत असत, काँक्रीट ताण सोसत नाही, ताण सळ्या सोसतात, म्हणून आकृती ताणाच्या बाजूलाच काढायची. झोपेतल्या माणसालाही सळ्या कुठे घालायच्या ते कळलं पाहिजे. तीन वर्षं त्यांनी हे भिकनकडून घोटून घेतलं होतं.

त्यांनी भिकनला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि तीन कागद त्याच्यासमोर ठेवले. पंपहाउसचं चौथं पान, सतरावं पान आणि कालचा कागद.

"काल तू मला चौकट काढून दाखवलीस. तू ती माझ्यासारखी काढली असतीस, तर मला शंका आली असती, पण खात्री झाली नसती. माझे विद्यार्थी खानदेशात पुष्कळ आहेत. पण तू माझ्यासमोर, माझ्या हाताखाली शिकून, उलट्या बाजूला काढलीस."

"सर, आता मी ऑफिसच्या पद्धतीने काढतो. इथे सगळे तसेच काढतात."

"मार्चमध्ये ऑफिस हेच होतं."

भिकन पंपहाउसच्या पानाकडे बघत राहिला.

"सवय लपवायची गरज एकाच माणसाला असते," सर म्हणाले. "सतराव्या पानावर ती सवय उघडी पडली आहे, हे ज्याला कळलंय त्याला. देवऱ्यांचं बाहेरचं बोलणं तू ऐकलंस आणि तिथल्या तिथे तुझ्या लक्षात आलं. तू नेहमीच हुशार होतास."

पंखा फिरत होता. भिकनने शर्टच्या बाहीने तोंड पुसलं.

"जानेवारीत बायकोला, इंदूला, सातवा महिना होता," तो म्हणाला. "तिच्या माहेराहून, चाळीसगावहून तार आली. आठ दिवस मी तिकडे होतो. बाळ राहिलं नाही, सर. परत आलो तर सुपडूने मधलं कडं तसंच सोडून खांब वर नेले होते. म्हणाला, सेंट्रिंगचं लाकूड दुसरीकडे गेलंय, नंतर घालतो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मग वर टाकीचं काँक्रीट झालं. रोज वाटायचं, उद्या देवरे साहेबांना सांगू. एक दिवस गेलो तर सळ्या कापून गिलावा केलेला. मी तपासणीच्या कागदावर सही केली."

"आणि टाकी पडल्यावर?"

"फाइल खोलीवर नेली. दोन दिवसांत पान केलं."

"नेरकरांचं नाव का?"

"ते त्या दिवसांत तापात होते. त्यांना आठवणार नाही, हे मला माहीत होतं."

हे बोलल्यावर मात्र त्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

सरांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले. मग त्यांनी विचारलं, "खरं सतरावं पान कुठे आहे?"

"खोलीवर. ट्रेसिंगही आहे."

"फाडलं नाहीस?"

"फाडायला घेतलं होतं. पण ते गणित फार नीट केलेलं होतं, सर. एका जागी खोडलेलं नाही. हात धजला नाही."

"मला हे दिसलं नसतं तर मी अहवालात काय लिहिलं असतं, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"नेरकरांच्या घरी दाराची कडी काढून ठेवली आहे. ते माहीत आहे?"

भिकनला ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, "दुसरा कुणी चौकशीला आला असता तर त्याला दिसलं नसतं."

"नसतंच दिसलं," सर म्हणाले. "ऊठ. आधी खोलीवर जाऊ, मग पोलीस स्टेशनला. मी बरोबर येतो."

६

संध्याकाळी अहवाल देऊन सर नेरकरांकडे गेले आणि खरं सतरावं पान त्यांच्या हातात ठेवलं. फोटोप्रत होती ती, मूळ पान पोलिसांकडे होतं. तीन कडी, तीन मीटर अंतर, दाबाच्या बाजूची आकृती.

नेरकरांनी आनंद दाखवला नाही. त्यांनी पेन्सिल मागितली, पलंगावर मांडी घातली आणि पहिल्या ओळीपासून सगळं गणित पुन्हा करून बघितलं. प्रमिलाबाई आणि सर समोर बसून होते. शेवटचा आकडा जुळला तेव्हा नेरकरांनी कागद बाजूला ठेवला, आडवे झाले आणि दोन मिनिटांत झोपले. आठ दिवसांत पहिल्यांदा झोपले, असं प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या उठून सरांना सोडायला दारापर्यंत आल्या.

रविवारी दुपारी ते फैजपूरला पोचले. अक्कांनी, म्हणजे कमलबाईंनी, पाणी दिलं, त्यांचा चेहरा बघितला आणि ताटं वाढायला घेतली. जेवण झाल्यावर सरांनीच सगळं सांगितलं. कोणत्या बाजूला आकृती होती इथपासून ते पोलीस स्टेशनच्या बाकावर भिकनने पाणी मागितलं इथपर्यंत.

वर्षभर त्या मुलाला जेवू घातलेली बाई ती. ऐकताना त्यांचा हात ताटावर होता तसाच राहिला.

"तुम्ही त्याचं नाव लिहिलंत," त्या म्हणाल्या.

"लिहिलं."

"बरोबर केलंत." त्यांनी ताट बाजूला सारलं. "बरोबरच केलंत." मग विचारलं, "इंदूला कुणी सांगितलं?"

"अजून कुणीच नाही. ती माहेरीच आहे, चाळीसगावला."

"उद्या पेपरात येईल ना?"

"येईल."

कमलबाई उठल्या. हात धुतले, फळीवरची पिशवी काढली आणि दोन लुगडी घडी करून तिच्यात घातली.

"भुसावळहून चाळीसगावला गाडी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.